मावशीची किंकाळी

भुताच्या एका व्हिडिओ गेमचा पहिला भाग निघाला, तेव्हा नाटकांत किरकोळ कामं करणाऱ्या मावशीने भुताला आवाज दिला होता. खेळणाऱ्याच्या हाती फक्त टॉर्च. अंधारात तिचा श्वास ऐकू आला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. दुसऱ्या भागासाठी तिला कुणी बोलावलंच नाही. भाचीने तो घरी लावला, तेव्हाच तो निघाल्याचं मावशीला कळलं. आता हातात मशीनगन होती, भुतं माश्यांसारखी पटापट मरत होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी मावशीचीच जुनी किंकाळी चिकटवली होती.

"हा भारी आहे गं मावशी! पहिल्यात नुसतं लपून बसायचं, जीव जायचा."

"जीव जावा म्हणूनच तर मी घसा फोडला होता," म्हणत मावशीने टीव्हीचा आवाज बंद केला.

भाची तशीच गोळ्या झाडत राहिली. तिचं काहीच अडलं नाही.