बिनरंगाचे तीन थेंब

बायकांच्या सामानाचं ते दुकान सकाळी उघडलं, की महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक पुरुष पहिलं गिऱ्हाईक म्हणून येई. काउंटरवर पिशवी ठेवी आणि म्हणे, "नेलपॉलिश. बिनरंगाची. सहा." सत्तावीस वर्षं त्यात खंड पडला नव्हता. मधल्या काळात दुकान आईकडून लेकीकडे आलं, पाटी बदलली, आरसे बदलले. गिऱ्हाईक आणि त्याची मागणी तेवढी जुनी राहिली.

लेकीने गल्ल्यावर बसल्यावर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "काका, मुली किती तुम्हाला?"

"एक मुलगा. तोही परगावी."

"मग सहा बाटल्या?"

"कामाला लागतात."

"आणि रंग कुठलाच नको? लावलेलं दिसणारच नाही, तर लावायचं कशाला?"

"दिसलं तर उपयोग नाही," ते म्हणाले आणि कामावर गेले.

त्यांचं काम काचांचं. पेशींवर संशोधन करणाऱ्या एका लॅबमध्ये ते स्लाइड बनवत. सगळे त्यांना काचमामा म्हणत. मोठ्या मॅडमही तेच म्हणत, आणि त्या मामांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या.

लॅबचा विषय होता पेशीचं केंद्रक. डोळ्याला न दिसणारी पेशी, तिच्या पोटात त्याहून बारीक केंद्रक आणि त्या केंद्रकात दोन मीटर लांबीचा धागा. एवढा धागा एवढ्याशा गोळ्यात गुंता न होता राहतो कसा, कुठला तुकडा भिंतीला टेकतो, कुठला आत तरंगतो, हे शोधायचं. एकट्या लॅबचं ते काम नव्हे, म्हणून तिघांनी मिळून ते घेतलं होतं. मामांची लॅब पेशींचे फोटो काढी. समुद्रापलीकडची एक लॅब रसायनं वापरून धाग्याचा कुठला भाग भिंतीला चिकटलेला आहे ते ओळखी. तिसऱ्या गावी एक गणिती बसे. या दोघांचे आकडे जुळवून तो केंद्रकाचा नकाशा काढी. तीन घरांचा एक संसार होता, आणि कुठल्याही संसारासारखं त्यात एकमेकांचं ऐकून घेणं दर गुरुवारी एक तास, पडद्यावर, एवढंच होतं.

मामांच्या वाट्याला यातलं जे काम येई ते असं. पातळ काचेवर वाढवलेल्या पेशी, ज्यात धाग्याचा एक ठरावीक तुकडा हिरवा चमकेल असं केलेलं, त्यांच्या हाती येत. ती पातळ काच जाड काचेवर उलटी ठेवायची आणि कडा बंद करायच्या. बस. पण त्या ठेवण्यात सगळी मेख होती. मामांना ज्या म्हाताऱ्याने शिकवलं तो काच ठेवून वर अंगठा दाबी. अंगठ्याखाली पेशी भाकरीसारखी थापली जाई. मामांनी पहिल्याच वर्षी ते बघितलं आणि त्यांना वाईट वाटलं. घरी जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली रबराचे चार गोल पाय होते, त्यामुळे काच टेबलाला टेकत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड काचेवर नेलपॉलिशचे थेंब टाकले, वाळू दिले आणि त्यांच्यावर पातळ काच अलगद उतरवली. थेंब तीन. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही, हे त्यांना शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. बिनरंगाची एवढ्यासाठी, की रंगीत नेलपॉलिश मायक्रोस्कोपखाली स्वतःच चमकते आणि पेशीचा हिरवा ठिपका तिच्यात हरवतो.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. कामाच्या कृतीच्या कागदावर लिहिलं होतं, "काच बसवावी." ते बसवत होते.

त्यांच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना समुद्रापलीकडून पत्र आलं. मॅडमनी मामांना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे बातमी बरी नाही, हे मामा समजले.

"मामा, त्यांचं म्हणणं, तो हिरवा तुकडा भिंतीला चिकटलेला असतो. त्यांच्या रसायनांनी तसं दाखवलंय. आपल्या फोटोंत मात्र दहातल्या सहा पेशींत तो मधोमध दिसतो."

"बरं."

"ते म्हणतात, काच दाबली गेली असणार. केंद्रकं चेपली आणि तुकडा भिंतीवरून सुटला. चार वर्षांच्या स्लाइड बाद करायच्या. एकवीसशे. नव्या त्यांच्याकडे बनवायच्या." त्या थांबल्या. "गुरुवारी ठरणार आहे. तुम्ही कधी... घाईत वगैरे... अंगठा?"

मामांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारायला हवं. "नाही," ते म्हणाले.

घरी त्यांनी बायकोला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी! अहो, चार शब्द सुनावायचे की नाही?"

"एक सुनावला."

"कुठला?"

"नाही."

"झालं! सत्तावीस वर्षं घरातून नेलपॉलिश गेली, माझ्या एका नखाला लागली नाही. सगळी त्या काचांना. आणि आता म्हणे काच दाबली." तिने भात वाढला, जरा जास्तच वाढला. मामांनी तो सगळा खाल्ला.

बुधवारी ते मोजणीताईंच्या टेबलाशी गेले. मोजणीताई म्हणजे लॅबमधली संशोधक बाई, दोन लेकरांची आई. फोटो बघून ठिपका कुठे आहे ते वहीत मांडायचं काम तिचं. वहीत दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं "कडेला", दुसऱ्यावर "मध्ये".

मामांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ताई, हे मध्ये म्हणजे काय? आत, की मध्यावर?"

"मामा, मध्ये म्हणजे मध्ये."

"डबीत लाडू मध्ये असतो. लाडवात बेदाणा मध्ये असतो. दोन्ही एक नव्हे."

"फोटोत वर्तुळाच्या मधोमध दिसतो, म्हणून मध्ये. झालं समाधान?"

"फोटो एकच?"

"फोटो चाळीस. वरपासून खालपर्यंत, एकेका थराचा एक. पण फाइल फार जड व्हायच्या, म्हणून गणिती साहेब सगळे थर एकावर एक ठेवून एकच चित्र करून पाठवतात. मी त्यावर मोजते."

मामा त्या चित्रावर वाकले. "मी स्लाइड झाली की रोज तपासतो," ते हळू म्हणाले. "चाक फिरवत वरून खाली येतो. हिरवा ठिपका एकतर छत येतं तेव्हा स्पष्ट होतो, नाहीतर तळ येतो तेव्हा. मधल्या पोकळीत मी तो क्वचितच पाहिला."

मोजणीताईने पेन खाली ठेवलं. "मामा, हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मला विचारायचे, स्लाइड बरी आहे का. बरी असायची."

गुरुवारी मॅडमनी मामांना पडद्यासमोर बसवलं. एका चौकोनात समुद्रापलीकडचे सर, दुसऱ्यात गणिती. सरांनी सभ्यपणे सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आदर आहे, चूक कुणाच्याही हातून होते, वगैरे. आदराने सुरू झालेलं बोलणं कुठे जातं हे मामांना ठाऊक होतं. ते बोलणं संपेपर्यंत थांबले.

"साहेब, तुमच्या खोलीत दिवा आहे?"

"आहे."

"कुठे आहे?"

सरांनी वर पाहिलं. गणितीनेही पाहिलं. मॅडमनी पाहिलं, मोजणीताईने पाहिलं. तीन गावांतली शहाणी माणसं आपापल्या छताकडे मान वर करून बसली.

"खोलीच्या मध्ये," सर म्हणाले.

"छताला," मामा म्हणाले. "छप्पर काढून गच्चीवरून वाकून बघितलं, तर मध्ये. दारातून बघितलं, तर छताला. भिंत म्हणजे फक्त बाजूची नव्हे, साहेब. छतही भिंतच, जमीनही भिंतच. तुम्ही सगळे थर एकावर एक ठेवलेत, म्हणजे छप्पर काढलंत. तुकडा आहे तिथेच आहे."

गणिती छतावरची नजर खाली आणत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. फाइल जड होत्या हो, मामा."

"जड असणारच. आत दोन मीटर धागा आहे."

सर हट्टी होते, आणि ते बरोबरच होतं. ते म्हणाले, दिव्याचं ठीक, पण थर सुटे करून पुन्हा मोजल्याशिवाय मी मानणार नाही. आणि केंद्रक चेपलेलं नाही हे कशावरून? मामांनी खिशातून बाटली काढली, एका जाड काचेवर तीन थेंब टाकले आणि ते वाळेपर्यंत थांबले. पडद्यापलीकडचे दोघेही थांबले. चार वर्षांत त्या बैठकीत इतका वेळ कुणी गप्प बसलं नव्हतं. मग मामांनी पातळ काच थेंबांवर उतरवली आणि खालच्या फटीतून कागदाची पट्टी आरपार सरकवून दाखवली.

मोजणीताईने थर सुटे करून सगळं नव्याने मोजलं. तीन आठवडे लागले. रकाने आता तीन होते: "बाजूला", "छताला-तळाला" आणि "पोकळीत". पोकळीत दहातला एकही पुरता भरला नाही. एकवीसशे स्लाइड कपाटात होत्या तिथेच राहिल्या, आणि मामांच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी कपाटाची किल्ली त्यांच्याकडून घेताना ती जरा वेळ हातातच धरली.

वर्षभराने लेख छापून आला. मॅडमनी मामांना तो घरपोच पाठवला. वर अठरा नावं होती, सतरावं मामांचं. आत कृतीच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: बिनरंगाच्या नेलपॉलिशचे तीन थेंब वाळवून त्यांवर काच, न दाबता, ठेवली.

बायकोने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. नावापाशी ती थांबली नाही. "न दाबता," ती म्हणाली. "छापलं एकदाचं." मग म्हणाली, "उद्या सोमवार. मला एक बाटली आणा. लाल."

सकाळी मामा दुकानात गेले. काउंटरवर पिशवी ठेवली. घरी येऊन बायकोने पिशवी उघडली, तर आत सहा बाटल्या, सगळ्या बिनरंगाच्या.

मामांच्या तोंडून सवयीने तेच जुने शब्द निघाले होते. तिने एक उघडली, खिडकीपाशी बसली आणि दहाही नखांना लावली. मग हात पुढे धरला, वरून बघितला. काही दिसेना. जरा तिरपा केला, आणि तिथेच धरून ठेवला.