दावं ताणलेली गाय

शांताक्काला तोंड होतं, पण ते भाकरी खाण्यापुरतं. कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच, असं लोक म्हणतात. ही बिचारी अणदुरात लग्न होऊन आली अन् दुसऱ्याच दिवशी मातीत घालायची लीद गोळा करत उकिरड्यावर दिसली. सासू बोलली, हिनं ऐकून घेतलं. नवरा शंभुलिंग चिडला की हाताला येईल ते फेकून मारायचा, तेही सोसलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बाईनं चाकाला हात लावायचा न्हाय, ही कुंभाराघरची रीत. पण पोळ्याची मातीची जनावरं चाकावर होत न्हाईत, हातानंच करावी लागतात, म्हणून ती शांताक्काच्या वाट्याला आली. अन् तिथं मात्र बाई बोलायची. सासूनं उपाशी ठेवलं त्या साली बैलांच्या बरगड्या वर आलेल्या. नवऱ्यानं मारलं की बैल कान पाडून उभा. गाव म्हणायचं, अक्काचं जनावर बघितलं की कीव येते. अन् त्याच बैलाला हळदकुंकू लावून पुरणपोळी दाखवायचं. तो कुणाचं दुखणं घेऊन उभा आहे, हे एकानंही विचारलं न्हाय. अक्काला मात्र वाटायचं, आपण सांगून मोकळं झालो.

यंदा पंचमीला लेक राजेश्वरी जिल्ह्यातल्याच वाशीहून, सासरहून माहेरी आली. पाठीवर तापल्या उलथन्याचे डाग होते. ते आईला दाखवून म्हणाली, "म्या न्हाय जायची परत. आबाला तू सांग. माझं ते ऐकायचे न्हाईत."

"सांगते," शांताक्का म्हणाली.

लेक रोज विचारायची, बापाला सांगितलंस का. आई रोज 'सांगते' म्हणायची. पोळा तोंडावर आला तेव्हा कुठं बाईनं माती भिजवली. गाय केली, दावं गळ्यात रुतेपर्यंत ओढ घेणारी. पुढं त्याच पाटावर तिचं वासरू, दूर नेताना मान मागं वळवलेलं. करताना डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. शंभुलिंग जेवायला बसला, तशी ती गाय त्याच्या ताटापुढं ठेवून उभी राहिली. आता तरी त्याला कळेल, कळायलाच पाहिजे.

शंभुलिंगानं गाय फिरवून बघितली. "लई झ्याक जमलीय," म्हणाला, अन् भाकरी मोडली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जावई विरेश न्यायला आला. शंभुलिंगानं त्याला टॉवेल-टोपी केली, लेकीला 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून ऐकवलं, अन् वर तीच गाय जावयाच्या हातात दिली.

"मामींच्या हातात जीव हाय," विरेश म्हणाला, अन् गाय सांभाळायला बायकोकडं देऊन गाडी काढायला गेला.

राजेश्वरी आईकडं बघत राहिली. अजून वेळ होता. शांताक्काचे ओठ हलले, पदर चुरगाळला गेला, पण नवऱ्यापुढं आवाज काही फुटला न्हाय.

"मातीच्या वासरासाठी रडलीस, आई," लेक हळूच म्हणाली. "माझ्यासाठी एक शब्द न्हाय काढलास."

अन् गाय मांडीवर घेऊन ती नवऱ्याच्या मागं गाडीवर बसली.

गाडी वळणाआड गेली तसा शंभुलिंग आत वळला. "तसल्या आणखी चार कर," म्हणाला. "उद्या हातोहात जातील."

शांताक्कानं माती मळायला घेतली.