हिरव्या दोऱ्याचं घर

लॉन्ड्रीवालीला गल्लीत सगळे मुकी म्हणायचे, आणि ती मुकी नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ‘उद्या संध्याकाळी’, ‘डाग निघणार नाही’ आणि ‘बटण तुटलेलंच आलं होतं’, एवढी वाक्यं तिला चांगली येत. त्यापलीकडचं कुणी ऐकलेलं नव्हतं. समोरच्या चष्मेवाल्यानं बरीच वर्षं हवापाण्यापासून सुरुवात करून पाहिली, शेवटी त्यानंही नाद सोडला. दुकान तिचं, दुकानामागची खोली तिची, खोलीत एक खाट आणि एक खुर्ची. लग्न झालं नाही. का झालं नाही असं विचारणारी माणसंही एकेक करून संपली.

लहानपणी हिला भिंगरी म्हणायचे, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. सकाळी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो झोपेतच थांबायचा. आई कपडे धुवायची, बाप इस्त्री करायचा, आणि भिंगरी टेबलाखाली बसून मोज्यांच्या जोड्या लावता लावता साऱ्या दुनियेची खबर द्यायची. आईची ताकीद एकाच बाबतीत होती. कपड्यांत जे दिसतं ते बोलायचं नाही. कुणाच्या खिशात काय निघालं, कुणाच्या कॉलरला काय लागलं, ते पाण्याबरोबर वाहून गेलं असं समजायचं. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराचा एक रंग ठरलेला असे, आणि त्या रंगाच्या दोऱ्याचा बारीक टाका कपड्याच्या आतल्या कडेला घातलेला असे. टेकडीवरच्या वकिलांच्या बंगल्याचा दोरा हिरवा होता. कुणाचा रंग कोणता, हे दुकानातली माणसं सोडून कुणालाच माहीत नसायचं.

बंगल्यात बेबी होती. अशा घरांतल्या बेब्या पन्नाशीला आल्या तरी बेबीच राहतात. आई गाठोडं घेऊन बंगल्यावर निघाली की भिंगरी शेपटासारखी मागे. मोठी माणसं आत कपडे बघत, तोवर या दोघी मागच्या जिन्यावर बसत. बेबीकडे रंगांच्या पेट्या आणि चित्रांची पुस्तकं होती, भिंगरीकडे नुसत्या गोष्टी, पण मेतकूट असं जमलं की एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसायची. तिथंच एकदा भिंगरीनं बेबीच्या फ्रॉकची कड उलटून तिला तो हिरवा टाका दाखवला आणि कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. बेबीच्या आईनं कौतुकानं भिंगरीला बेबीच्याच शाळेत घालून दिलं.

बेबीला एक त्रास होता. एवढी मोठी झाली तरी रात्री तिचं अंथरूण ओलं व्हायचं. घरात कामाला एक मावशी होती. तिनंच बेबीला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि ती स्वयंपाकघरामागच्या खोलीतच राहायची. कुणी उठायच्या आत ती चादर बदलायची आणि ओली चादर गाठोड्याच्या तळाशी दडवायची. बेबीच्या आईवडिलांनाही पत्ता लागू दिला नाही तिनं. माहीत होतं ते मावशीला, लॉन्ड्रीतल्या दोघांना आणि चादर झटकताना नाक मुरडणाऱ्या भिंगरीला. पण बेबीसमोर भिंगरीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती जिवाला जीव देणारी पोर होती, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मग एक दिवस शाळेत नव्या आलेल्या मुलींनी बेबीला विचारलं, ही तुझी कोण? बेबी म्हणाली, “आमच्या लॉन्ड्रीवाल्यांची मुलगी.” त्यात खोटं काहीच नव्हतं. भिंगरीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मधल्या सुट्टीत तिनं त्याच मुलींना गाठलं आणि सांगितलं, हिरवा दोरा रोज ओला येतो, का ते विचारा तिला. मग का तेही सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून. शाळा सुटेपर्यंत सगळ्या वर्गांत बभ्रा झाला होता. मुली ‘हिरवा दोरा, हिरवा दोरा’ करत बेबीच्या मागे लागल्या. बेबी रडली नाही. तिनं फक्त एकदा वळून भिंगरीकडे पाहिलं, आणि भिंगरी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली.

बेबीला लांबच्या एका वसतिगृहात पाठवलं. मावशीला घालवून दिलं, कारण घरातली गोष्ट बाहेर गेली तर ती घरातल्या बाईनंच नेली असणार. जाताना मावशी ट्रंक घेऊन दुकानात आली. काम मागायला नव्हती आली. आईला म्हणाली, “मी कुणापाशी बोलले नाही. तुम्हाला तरी पटतंय ना?” आई म्हणाली, पटतंय. टेबलाखाली भिंगरी एक मोजा हातात धरून बसली होती. एका शब्दानं मावशीवरचा आळ गेला असता, आणि त्याच शब्दानं बंगल्याचं आणि बंगल्यापाठोपाठ साऱ्या टेकडीचं काम गेलं असतं. तिनं तोंड उघडलं नाही. मावशी पाणी प्यायली आणि गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या दिवसापासून भिंगरी गप्प झाली. आईला वाटलं, पोर शहाणी झाली.

यथावकाश आई गेली, बाप गेला, आणि भिंगरी हे नाव हाक मारायला कुणी उरलं नाही. अशात यंदा वकीलसाहेब अंथरुणाला खिळले, आणि बेबी त्यांचं करायला परत आली. चादरींचं गाठोडं घेऊन ती स्वतःच दुकानाच्या दारात उभी राहिली. “भिंगरे, ओळखलंस?” त्या हाकेपायी कुणाच्यातरी चांगल्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली आणि शर्ट करपला. बेबीनं सांगितलं की नोकरांच्या हाती हे गाठोडं द्यायला मन होत नाही, तू कुठं बोलणार नाहीस. लॉन्ड्रीवाली खाली वाकून गाठोड्याची गाठ सोडायला लागली. पण दुसऱ्या दिवशी बेबी परत आली, मग रोजच येऊ लागली, चहा होऊ लागला, दुसरी खुर्ची आली. लॉन्ड्रीतून हसण्याचा आवाज आला तेव्हा चष्मेवाल्यानं खात्री करायला स्वतःचाच चष्मा पुसून घेतला.

खरं सांगून टाकावं असं तिला रोज वाटे. सांगितलं की ही खुर्ची रिकामी होणार, हेही रोज कळे. इतक्या वर्षांनी तिला माणूस मिळालं होतं, आणि ते गमवायची तिची छाती होत नव्हती. आज नको, उद्या, असं चाललं होतं.

एका दुपारी बेबी तणतणत आली. बागेत कुणीतरी तिला विचारलं होतं की साहेबांचं आता सगळं अंथरुणातच होतं का. साहेबांच्या सेवेला ठेवलेल्या बाईला ती संध्याकाळीच काढणार होती. लॉन्ड्रीवालीनं ती बाई पाहिली होती. गाठोडं जड असलं की बेबीबरोबर यायची, घाण झालेल्या चादरी आधीच खळबळून वेगळ्या बांधून आणायची.

“तीच बोलली कशावरून?” लॉन्ड्रीवालीनं विचारलं.

“कुणीतरी बोललं ना? मग कुणालातरी घालवावं लागतंच.”

लॉन्ड्रीवालीनं इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. “बेबी, तेव्हा मावशी नव्हती बोलली. शाळेत मी सांगितलं होतं.”

बेबीनं चहाचा घोट घेतला. “ठाऊक आहे मला. हिरवा दोरा मावशीला कुठं माहीत होता? पोरी ओरडायला लागल्या तेव्हाच मला कळलं.”

“मग मावशीला का?”

“आईनं विचारलं, कोण बोललं. तुझं नाव घेतलं असतं तर तुमचं दुकान बसलं असतं. म्हणून मी मावशीचं घेतलं.” बेबीनं तिचा हात हातात घेतला. “तुझ्यासाठी केलं मी ते. बरोबर केलं ना गं?”

आपल्या पापाला आपण एकट्याच धनी, असं ती जन्मभर समजत आली होती. आता भागीदारीण निघाली, तीही जीव ओवाळून टाकावा अशी. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. बेबी खरोखरच वाट बघत होती. एवढ्या वर्षांत हे विचारायला तिलाही दुसरं कुणी मिळालं नसावं. लॉन्ड्रीवालीला तिची दया आली, आणि स्वतःचीही.

“नाही,” ती म्हणाली. “बरोबर नाही केलंस. मीही नाही केलं. आता या बाईला तरी काढू नकोस.”

बेबीनं हात काढून घेतला. कप खाली ठेवला, साडीची चुणी सारखी केली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन वेगळीच बाई आली. दुकानात थांबायचं नाही, असं तिला बजावून पाठवलेलं दिसत होतं. लॉन्ड्रीवालीनं तिला थांबवलंच, आणि आधीची बाई राहते कुठं ते विचारलं. ती म्हणाली, आपण आजच कामाला लागलो, आपल्याला काही माहीत नाही.