दक्षिणेच्या भिंतीवरचा खिळा

आईला दमा होता आणि वागळे इस्टेटजवळच्या आमच्या चाळीची भिंत बारा महिने ओली असायची. त्यामुळे सरकारी योजनेच्या सोडतीत खडवलीला घर लागलं, तेव्हा तिने पहिली चौकशी केली ती भिंतींची. "कोरड्या आहेत ना रे?"

मला हसूच आलं. त्या भिंती आमच्याच कारखान्यातल्या. तिथे अख्खी भिंत साच्यात ओततात, ट्रेलरवरून नेतात आणि क्रेनने उचलून दुसरीला जोडतात. दोन भिंतींमधले सांधे तपासणं हे माझं काम. सांध्यात रबरासारखा मसाला भरतात; तो अखंड असला की पाण्याचा थेंब आत येत नाही. भरणाऱ्याने जरा हयगय केली की मी त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायचो. आईला म्हटलं, "माझ्या नजरेखालून गेल्यात. तू काळजी सोड." नातेवाईक 'खोक्याचं घर' म्हणून चिडवायचे, तेव्हा ती त्यांचा हात धरून भिंतीला लावायची. बघा, म्हणायची, कशी खडखडीत आहे.

राहायला गेलो त्या दिवशी तिचा हट्ट एकच. आधी वडिलांचा फोटो, तोही दक्षिणेच्या भिंतीवर. त्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. दक्षिणेची भिंत बाहेरच्या अंगाची. पाहुणे चहाची वाट बघत सतरंजीवर बसलेले. मी खिळा ठोकला, तो वाकला. दुसराही वाकला. असल्या काँक्रीटला ड्रिल मशीन लागतं हे मी दुसऱ्यांना शिकवतो, आणि स्वतःच्या घरी मात्र हातोडी घेऊन उभा होतो. तिसरा खिळा वाकला तशी आई मटकन खाली बसली.

"त्यांना यायचंच नाहीये इथे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मग मी चांगला लांब खिळा घेतला आणि हातभर डावीकडे सरकलो, सांध्यावर. एका ठोक्यात आत गेला. आत काय फाटलं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. रविवारी मशीन आणू, खिळा काढू, सांधा पुन्हा भरून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं. आईने फोटोला हार घातला, शेगडी पेटली, सगळ्यांना चहा मिळाला. त्यानंतर किती रविवार गेले ते सांगायची लाज वाटते.

तिची खाट त्या फोटोखालीच होती. पावसाळा लागला आणि तिची धाप वाढली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुठे ओल आहे का?

माझ्याआधी आईच बोलली. "छे हो, नवं कोरं घर आहे. ह्याने स्वतः तपासलंय."

मला त्याच क्षणी तो खिळा आठवला. घरी येऊन फोटो उचलून बघायला दोन मिनिटं लागली असती. मला भीती वाटली, म्हणून नाही बघितलं. गौरी-गणपतीच्या आधीच आई गेली.

तेराव्यानंतर मामा तिचा फोटो घेऊन आले. ह्या वेळी कोणाकडून तरी ड्रिल मशीनही आणलं होतं. दोघांना शेजारी शेजारी लावू म्हणून त्यांनी वडिलांचा फोटो उतरवला. मागची भिंत बरोबर चौकटीएवढी काळी पडली होती. पुठ्ठ्यावर बुरशी, आणि खिळ्यापासून गंजाचा ओघळ खाली आलेला.

मामांनी त्या डागाला बोट लावून हुंगलं.

"कारखान्यातल्या भिंती. अशाच निघायच्या," ते म्हणाले. "ह्या घराने खाल्लं माझ्या ताईला." मग माझ्याकडे वळले. "तू तर त्यातलाच माणूस. सांग, खोटं बोलतोय का मी?"

खिळा अजून भिंतीतच होता.

"नाही मामा," मी म्हणालो. "बरोबर बोलताय."