उंबऱ्यावरचा होकार

गेल्या शनिवारी फ्रेंचच्या वर्गात बाईंनी फळ्यावर एका क्रियापदासाठी सहा ओळी आखल्या आणि एकच भरली. म्हणाल्या, "काही क्रियापदं अपुरीच असतात. 'मी', 'तू', 'आम्ही' यांच्यासाठी ह्याला रूपच नाही."

साठीनंतर विद्यार्थिनी झालेली मी त्या पाच कोऱ्या ओळींकडे बघतच राहिले. आपल्याकडेही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणायचं. चाळीस वर्षं मी ह्यांना तसंच म्हणत आले. आतून ह्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "किल्ली नाही घेतलीस?" मी म्हणायचे, "तुम्ही आहात ना घरात!"

दोन वर्षांपूर्वी हे गेले. 'येतो' म्हणायला त्यांना सवडही मिळाली नाही.

तोवर बाई नकारार्थी प्रश्नांवर आल्या होत्या. "नाही केलंस?" असं कुणी विचारलं आणि आपण ते केलेलं असलं, तर फ्रेंचमध्ये नेहमीचा होकार चालत नाही. त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'सी'. मला वाटलं, असा प्रश्न परका माणूस कशाला विचारेल? ज्याला आपल्या खोडी ठाऊक असतात, तोच विचारतो. मला कितीतरी दिवसांत कुणी विचारलेला नाही.

आज वर्गाला निघताना दार ओढलं, सवयीनं "येते" म्हटलं आणि जरा थांबले. किल्ली माझ्या मुठीत होती.

"सी," मी बंद दाराला सांगितलं.