उन्हात विसरलेलं पाणी

"उनात घाल, बरं होईल," हा मावशींचा सगळ्यावरचा इलाज. ओली गादी, सर्दी झालेला नातू, पाण्यात पडलेला मोबाइल, सगळं बोंबलांच्या शेजारी वाळत असायचं. एकदा माझ्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "ह्ये पन उनात ठेव, काय उगवतं का बग." तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

मी बोईसरला पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत आहे. मावशी जवळच्याच खाडीकाठच्या गावातल्या, खाडीत उतरून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायच्या. चिखलात पाय कापला की जखम महिना महिना भरत नसे, गोळ्या लागू पडत नसत. कारखान्यांच्या सांडपाण्यातून अँटिबायोटिक येतं, खाडीतले जंतू त्याला सरावतात आणि मग गोळ्यांना दाद देत नाहीत, असा गावाचा संशय. बायकांनी ठरवलं, पाणी तपासून घ्यायचं. औषध निघालं तर खाडीत उतरणं बंद. पाणी आणायचं काम मावशींकडे आलं.

मी तपकिरी बाटली दिली आणि बजावलं, "मावशी, हिला ऊन लावू नका. पाण्यातलं औषध उन्हाने मोडतं, मग मशीनला सापडत नाही."

"मंग खाडीवर ऊन नाय पडत का?"

"खाडी गढूळ. ऊन खाली पोचत नाही. आणि एक मोडेपर्यंत वरून दुसरं येतं."

उन्हाचंही कुठेतरी चालत नाही, हे त्यांना जरा लागलंच.

बाटली त्यांनी काळ्या फडक्यात गुंडाळून, वर पदर घालून, रिक्षातून मांडीवर आणली. मी पाणी गाळलं, पांढऱ्या काचेच्या भांड्यात ओतून खिडकीशी ठेवलं आणि जेवायला गेलो. डब्यात कोलंबी होती, गप्पा रंगल्या. मे महिना. परत आलो तेव्हा भांडं हाताला गरम लागलं.

पुन्हा पाणी मागवायला हवं होतं. साहेब झापतील म्हणून मी तेच मशीनला लावलं. अहवाल आला, "आढळले नाही."

मावशी सुके बोंबील घेऊन आल्या. "बाला, माजी खाडी चांगली निंगाली रं!" मी बोंबील घेतले. चवीने खाल्लेही. लाज वाटते सांगताना.

बायका पुन्हा उतरू लागल्या, सगळ्यांत पुढे मावशी. दिवाळीच्या सुमाराला त्यांचा पाय सुजला. डॉक्टरांनी एकामागून एक औषधं बदलली, एकही लागू पडलं नाही. मावशी गेल्या. खाडीच्या पाण्यानेच गेल्या, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसं नाही, असंही सांगू शकत नाही. ते कळायची सोय मी त्या दुपारीच घालवली.

महिन्याभराने धीर करून मावशींच्या घरी गेलो. सून टोपली घेऊन खाडीवर निघाली होती.

"तुमीच पानी तपासलंत ना? आई सांगायची, भ्यायचं काय नाय."

मग मात्र माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. भांडं, खिडकी, जेवण, माझी भीती.

तिने टोपली खाली ठेवली. चिडली नाही, रडली नाही.

"ह्ये आईला सांगायचं होतं तुमी," म्हणाली.