आक्काताईला साक्षीदार हवा होता

आमच्या गल्लीतली आक्काताई हुपरीच्या चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडून पोट भरते. गेल्या वर्षी तिच्या लेकीवर भरदुपारी अत्याचार झाला. पळणाऱ्या आरोपीला अख्ख्या गल्लीनं पाहिलं.

आज दत्ताच्या आरतीनंतर मंडळानं हॉलमध्ये सुडाचा पिक्चर लावला. पडद्यावर पोरीची ओढणी ओढली तेव्हा शिट्ट्या, बापानं त्या नराधमाला चिरलं तेव्हा टाळ्या. हातातला प्रसाद मी खाली ठेवला.

आक्काताई उठली. "सोमवारी कोर्टात तारीख हाय. साक्षीला कोण येतंय?"

"आक्का, पिक्चर तर संपू दे की!" आमचे हेच ओरडले.

मला त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी. खिडकीतून मीही पाहिलं होतं आणि पोलिसांना "न्हाय" म्हणाले होते.

मी उठले. "आक्का, मी येते."